लाकूड सुकवायची घरगुती भट्टी: तापमान कुठे मोजू, कशाने मोजू?

मांगरवाला, कुडाळ
६ जुलै, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

कुडाळहून वेंगुर्ल्याला जाणाऱ्या रस्त्यावर माझं सुतारकामाचं दुकान आहे. देव्हारे, पाट, चौरंग, मागणी आली तर दारं-खिडक्या. लाकूड बहुतेक फणसाचं, थोडं आंब्याचं, क्वचित शिवण. वडील होते तोवर लाकूड सुकवायची घाईच नव्हती. थंडीत कापून आणायचं, मांगरात, म्हणजे मालाच्या शेडमध्ये, पट्ट्या घालून चवड रचायची, फळ्यांच्या टोकांना शेण लिंपायचं आणि दोन उन्हाळे तिकडे बघायचं नाही. "लाकूड सावलीत सुकवूक होया", एवढंच ते सांगायचे. आता गिऱ्हाईक चैत्रात येतं आणि गणपतीआधी देव्हारा मागतं. गेल्या वर्षी असाच एक देव्हारा मुंबईला गेला. एसीच्या खोलीत ठेवला आणि दोन महिन्यांत दाराच्या फळीला दोन सूत फट पडली. मी स्वतः जाऊन दार बदलून आलो. त्या घरातल्या आजी काही बोलल्या नाहीत, पण फटीवर त्यांनी झेंडूचं फूल ठेवलं होतं ते अजून डोळ्यांपुढे आहे.

म्हणून यंदा मांगराच्या एका भागात भट्टी बांधली. भिंती जांभ्या दगडाच्या, आतून सिमेंटचा गिलावा, त्यावर दोन इंची थर्माकोल आणि चंदेरी फॉइल. आतली जागा दहा फूट बाय सात फूट, वर प्लायचं छत साडेपाच फुटांवर. एका बाजूच्या भिंतीला २ किलोवॅटचा हीटर, त्याच्यामागे दोन पंखे, तोंडं चवडीकडे. चवड सात फूट लांब, चार फूट रुंद, जमिनीपासून तीन फूट उंच. दीड इंची फणसाच्या फळ्या, मध्ये पाऊण इंची पट्ट्या, एकूण साधारण ४० घनफूट माल. हवा आत-बाहेर जायला दोन झरोके, सरकत्या झडपांचे. हीटरला एसटीसी-१००० हा तापमानाचा कंट्रोलर लावलाय, अंडी उबवायच्या पेटीला लावतात तोच. त्याचा सेन्सर छताला टांगला, हीटरपासून हातभर अंतरावर. ५० वर लावला आणि अकरा दिवस चालवला. कंट्रोलरवर आकडा कायम ४९ ते ५१.

दार उघडलं तेव्हा हीटरकडच्या फळ्यांवर केसासारख्या बारीक चिरा होत्या. उन्हात धरल्याशिवाय दिसत नव्हत्या, पण नख फिरवलं की अडकत होतं. रंधा मारून बघितलं तर चिरा पाव इंचापर्यंत खोल. आणि मागच्या बाजूच्या खालच्या तीन ओळी? त्यांच्यावर पांढरी बुरशी. फळीला हात लावला तर गार. ओलावा मोजायच्या मीटरचे खिळे टोचले तर आकडा ३० टक्क्यांच्या वर. एकाच खोलीत, एकाच वेळी, एक फळी करपल्यासारखी आणि दुसरी भिजलेली. मग काचेचं थर्मामीटर मागच्या बाजूला खाली ठेवून बघितलं तर ३८ अंश. म्हणजे मी अकरा दिवस ५० बघत होतो आणि अर्धी चवड ३८ मध्ये होती.

आता माझे प्रश्न. सेन्सर किती लावू आणि नेमके कुठे? कोणते घेऊ? घर भट्टीपासून पंचवीस मीटर लांब आहे. रात्री पावसात छत्री घेऊन तीनदा जाऊन बघणं आता जमत नाही, आकडे घरात दिसायला हवेत. आर्द्रता पण मोजायची का? खर्च तीन-चार हजारांपर्यंत करू शकतो.

तारजोडणी, रत्नागिरी
७ जुलै, सकाळी ८.४०

दादा, तुमचं वर्णन वाचूनच निम्मं कळलं. मी हापूस पिकवायच्या खोल्यांना आणि काजू सुकवायच्या भट्टीला (बोर्म्याला) तापमानाचे बोर्ड बसवून देतो. एकच सेन्सर, तोही हीटरजवळ, ही चूक सगळीकडे बघतो. तो खोलीचं तापमान सांगत नाही, हीटरचं सांगतो. हीटरच्या तापलेल्या पत्र्याची झळ थेट त्याच्यावर येते, त्यामुळे हवेपेक्षाही जास्त आकडा दाखवतो.

डीएस१८बी२० हा सेन्सर घ्या. स्टीलच्या नळीत बसवलेला, वायरसकट मिळतो. उणे १० ते ८५ अंशांपर्यंत अर्ध्या अंशाच्या आत बरोबर असतो, लाकडाच्या कामाला तेवढं भरपूर झालं. प्रत्येकाला जन्मतः वेगळा क्रमांक असतो, म्हणून एकाच तीन पदरी वायरवर सहा-आठ सेन्सर लावले तरी बोर्ड प्रत्येकाला ओळखतो. डेटाच्या आणि पॉझिटिव्हच्या वायरमध्ये ४.७ किलोओहमचा एकच रेझिस्टर लावायचा, दर सेन्सरला वेगळा नाही. वायर एका सेन्सरवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी माळेसारखी न्या. मधून चांदणीसारख्या फांद्या काढल्या की लांब अंतरावर सेन्सर गायब व्हायला लागतात. लॅनची केबल उत्तम, डेटा आणि निगेटिव्ह एकाच पिळाच्या जोडीत घ्या.

सेन्सरचे आकडे वाचून वायफायने पाठवणारा बोर्ड ईएसपी३२. तो भट्टीत ठेवायचा नाही, बाहेरच्या भिंतीला प्लास्टिकच्या बंद डब्यात. घरचं वायफाय पोचत असेल तर आकडे मोबाइलवर दिसतील. दर पाच मिनिटांनी एक नोंद पुरे, लाकूड घाईत नसतं. लाइट गेली तरी नोंद चालू राहावी म्हणून बोर्डाला छोटी पॉवर बँक जोडा, आणि राउटरलाही बॅटरी द्या, नाहीतर ऐन वेळी काही दिसणार नाही.

दोन आकडे पाठ करून ठेवा. अचानक ८५ दिसलं तर भट्टी तापलेली नाही. सेन्सरची वीज मध्येच तुटून परत आली की तो पहिल्यांदा ८५ च दाखवतो. आणि उणे १२७ दिसलं तर वायर तुटलीय किंवा सांधा सुटलाय. हे का सांगतोय? याच आकड्यांवर कोणी हीटर चालवला तर उणे १२७ वाचून बोर्डाला वाटतं भट्टी बर्फासारखी गार आहे, आणि हीटर चालूच राहतो. तुमचा हीटर एसटीसीवरच राहू दे, हे सेन्सर फक्त बघायला.

आपल्याकडची खरी अडचण खारी हवा. तांब्याच्या सांध्याला चार महिन्यांत हिरवट पूड धरते. सांधे पीळ देऊन टेप गुंडाळून सोडू नका. कथिलाचा डाग द्या (सोल्डर करा) आणि आतून गोंद असलेली आकसणारी नळी चढवा. सेन्सरच्या स्टीलच्या नळीतून वायर बाहेर येते ते तोंडही इपॉक्सीने बंद करा, गरम वाफ तिथूनच आत शिरते.

लावायच्या आधी सगळे एकमेकांशी ताडून बघा. बर्फ बारीक फोडून, त्यात थोडं पाणी घालून पाच मिनिटं सगळे सेन्सर बुडवा, शून्याच्या आसपास यायला हवेत. वरच्या टोकाला उकळतं पाणी. आपण समुद्रसपाटीला राहतो, त्यामुळे ते १०० लाच उकळतं, घाटावरच्यांना ही सोय नाही. मधला आकडा हवा असेल तर भांड्यात ४० अंशांच्या आसपास पाणी करून तापाचं थर्मामीटर आणि सेन्सर एकत्र धरा. ज्याचा आकडा हटकून पाऊण अंश वर दाखवतो, त्याच्या वायरला लाल टेप लावून वहीत लिहून ठेवा.

आर्द्रतेसाठी एसएचटी३१ हा सेन्सर येतो, पण तो भट्टीत किती टिकेल याची मला खात्री वाटत नाही. त्यावर दव धरलं की आकडा ९९ वर चिकटतो. डीएचटी२२ हा आर्द्रतेचा दुसरा सेन्सर तर घेऊच नका.

आबा, चिपळूण
७ जुलै, दुपारी ३.०५

मी चाळीस वर्षं वखारीत आणि वाफेच्या भट्टीवर काढली. वयाने मोठा आहे म्हणून एकेरीत बोलतो, राग मानू नको.

तारजोडणीने सांगितलं ते बरोबर. पण पोरा, तुझा खरा घोटाळा सेन्सरच्या आधीचा आहे. तुझी हवा चवडीतून जातच नाही. चवड तीन फूट आणि छत साडेपाच फूट, म्हणजे वर अडीच फूट मोकळं रान. पंख्याची हवा सोपी वाट सोडून पाऊण इंचाच्या फटीत कशाला शिरेल? उदबत्ती पेटव, पंखे चालू कर आणि चवडीच्या मागे उभा राहा. धूर कुठून येतो ते बघ. वरून येईल.

छतापासून चवडीच्या माथ्यापर्यंत ताडपत्रीचा पडदा सोड, चवडीच्या लांबीभर, रुंदीच्या मधोमध. दोन्ही टोकांनाही भिंतीपर्यंत झाक. पंखे त्या वरच्या पडद्यात चौकट करून बसव. हवा वरून हीटरवरून जाईल, एका बाजूने खाली उतरेल आणि चवडीतून परत येईल. दुसरी वाटच ठेवायची नाही. मग सेन्सर कुठे लावायचा हा प्रश्न आपोआप सुटतो: जिथे हवा लाकडात शिरते तिथे एक, जिथे बाहेर पडते तिथे एक. कंट्रोलरचा सेन्सर शिरणाऱ्या हवेत, हीटरची झळ लागणार नाही अशा आडोशाला. सगळ्यात गरम हवा ज्या फळीला लागते तीच आधी फुटते, म्हणून राज्य तिच्या तापमानाचं.

शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेतला फरक रोज वहीत लिही. हवा फळ्यांतलं पाणी उचलते, त्यात तिची उष्णता खर्च होते, म्हणून ती गार होऊन बाहेर येते. फरक मोठा म्हणजे लाकूड पाणी सोडतंय. फरक कमी होत गेला म्हणजे माल सुकत आला, किंवा पंखा बंद पडला. दोन्ही वेळा जाऊन बघायला हवं.

आता मुद्द्याचं. नुसतं तापमान मोजून लाकूड सुकवता येत नाही. आमच्या भट्टीला दोन काटे, म्हणजे थर्मामीटर, असायचे, सुका आणि ओला. ओल्याच्या फुग्यावर सुती मोजा आणि मोज्याचं टोक पाण्यात. त्याच्यावरून वारा गेला की पाणी उडतं आणि तो गार पडतो. हवा जितकी कोरडी तितका ओला काटा खाली. दोघांतल्या फरकावर आम्ही भट्टी चालवायचो. सुक्या काट्याकडे साहेब लोक बघायचे.

तू तुझ्या त्या स्टीलच्या सेन्सरमधलाच एक घे आणि त्याच्यावर समईची जाड वात उसवून गुंडाळ, किंवा जुन्या धोतराची पट्टी. पट्टी आधी उकळून घे, खळ असेल तर पाणी चढत नाही. खाली बरणीत बॅटरीत घालायला विकतात ते शुद्ध पाणी. विहिरीचं घालू नको, आठ दिवसांत वातीवर पांढरा थर धरतो आणि ती पाणी ओढायची थांबते. वात दर आठवड्याला बदल. आणि ती वाऱ्यात पाहिजे, शिरणाऱ्या हवेच्या वाटेत, सेकंदाला दोनेक मीटर तरी वारा तिच्यावरून जायला हवा. बंद हवेत ओला काटा खोटं बोलतो.

मांगरवाला, कुडाळ
७ जुलै, रात्री ९.५०

आबा, उदबत्ती लावून बघितली. धूर वरून सरळ मागच्या भिंतीवर आपटून खाली येतोय आणि चवडीच्या खालच्या फटींतून हलतही नाहीये. म्हणजे बुरशी आली ती तिथेच. पडदा उद्याच करतो.

पण एक समजत नाही. पावसाळ्यात हवा आधीच ओली, भिंतीला हात लावला तर दमट. मी मुद्दाम दोन्ही झरोके पूर्ण उघडे ठेवले होते, म्हटलं बाहेरची ओली हवा आत येत राहील तर लाकूड फुटणार नाही. मग फुटलं कसं?

आबा, चिपळूण
८ जुलै, सकाळी ६.३०

इथेच सगळे फसतात, म्हणून नीट सांगतो.

बाहेर जुलैत २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के धर. ही हवा तू आत घेतलीस आणि तिच्यात एक थेंबही न घालता ४५ अंशांपर्यंत तापवलीस. पाणी तेवढंच राहिलं, पण तापलेल्या हवेची पाणी धरायची भूक वाढली. त्याच हवेची आर्द्रता आता ३३-३४ टक्के झाली. वैशाखात विदर्भात असते तशी. सुका काटा ४५ आणि ओला काटा ३०, पंधरा अंशांचा फरक. अशा हवेत लाकूड ठेवलं तर ते शेवटी साधारण ६ टक्के ओलाव्यावर जाऊन थांबतं. तुझी फळी त्या वेळी ४०-५० टक्क्यांवर होती. वरचा पापुद्रा सुकून आकसायला लागला, आतला गाभा अजून ओला आणि फुगलेला, तो आकसू देईना. मग पापुद्रा फाटला. तू झरोके उघडलेस तिथेच चूक झाली. सुरुवातीला झरोके जवळजवळ बंद ठेवायचे. फळ्यांतून निघालेलं पाणीच आतली हवा ओली ठेवतं.

पंधरा अंशांचा फरक शेवटी चालतो, सुरुवातीला नाही. दीड इंची फणसाला मी असं चालवीन: पहिल्यांदा सुका ४०, ओला ३७. तीन अंशांचा फरक म्हणजे आर्द्रता ८० च्या वर. फळीचा ओलावा ३० च्या खाली येईपर्यंत इथून हलायचं नाही, कितीही दिवस जाऊ दे. बहुतेक चिरा याच काळात पडतात. तिथून पुढे फरक हळूहळू पाच, सहा. ओलावा २० वर आला की सुका ४५-४८ आणि फरक दहा. शेवटचे दिवस ५० ला पंधरा. फरक झरोक्याने सांभाळायचा. ओला काटा वर गेला तर झडप बोटभर उघड, खाली आला तर बंद कर.

आणि एक सेन्सर फळीतच घाल. मधल्या ओळीतली जाडसर फळी घे, टोकापासून हातभर आत, बाजूच्या कडेतून नळीच्या जाडीचं भोक पाड, तीन इंच खोल. सेन्सर घालून तोंड मेणाने बंद कर. मजा बघशील. हवा ४० असली तरी ओल्या फळीचं पोट ३७-३८ वरच राहतं, ओल्या काट्याला धरून. घाम आल्यावर माणसाचं अंग गार राहतं तसंच. फळी सुकत जाईल तसा तिचा आकडा ओल्या काट्याला सोडून सुक्याकडे चढायला लागतो. तो चढ दिसला की पुढच्या पायरीवर जायचं.

निळी होडी, देवगड
८ जुलै, दुपारी १२.२०

मी होड्या दुरुस्त करतो, लाकूड सुकवायची खोली माझ्याकडेही आहे. सेन्सरबद्दल बोलून झालंय, मी आगीबद्दल बोलतो. कृपा करून हे वगळू नका.

२ किलोवॅट म्हणजे पावणेनऊ अँपिअर. एसटीसीचा रिले, म्हणजे वीज चालू-बंद करणारा आतला स्विच, १० अँपिअरचा. कागदावर बसतं, पण दिवसातून शंभर वेळा चालू-बंद होताना त्याची टोकं जळून एकमेकांना चिकटतात. चिकटले की आकडा कितीही होवो, हीटर बंद होत नाही. मधे २५ अँपिअरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे जड भाराचा विजेवर चालणारा स्विच, टाका, एसटीसीने फक्त कॉन्टॅक्टर चालवायचा.

त्याच्यावर दुसरा, अगदी साधा थर्मोस्टॅट (कटआउट) हवा. गिझरमध्ये असतो तसा, हाताने परत दाबल्याशिवाय चालू न होणारा. ६५ अंशांचा. तो हीटरच्या वर छताला लावा आणि हीटरची वीज त्याच्यातूनच जाऊ दे. त्यात ना बोर्ड ना प्रोग्रॅम. तुमच्या भिंतीत थर्माकोल आहे, तो ७५-८० च्या पुढे मऊ पडून आकसतो आणि पेटला तर काळा धूर करत वितळत गळतो. हीटरच्या मागच्या आणि वरच्या भागातला थर्माकोल काढून तिथे सिमेंटची शीट लावा.

पंखा बंद पडला तर हीटर बंद झाला पाहिजे. मी पंख्याच्या वाऱ्याने हलणारी पत्र्याची छोटी झडप आणि तिच्याखाली मायक्रोस्विच असं केलंय. वारा थांबला, झडप पडली, कॉन्टॅक्टर सुटला. घरातल्या पंख्यांच्या मोटरी ५० अंशांच्या दमट हवेत टिकत नाहीत, जमलं तर मोटर भिंतीबाहेर आणि दांडा आत असं करा.

आंब्याच्या फळ्यांबद्दल एक. आंब्याला भुंगा लागतो, पुढच्या वर्षी देव्हाऱ्याखाली पिवळं पीठ पडलेलं दिसतं. निर्यातीच्या पेट्या आणि पॅलेटच्या लाकडाला आयएसपीएम १५ हा कीड मारण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे: लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश, सलग ३० मिनिटं. मीही आंब्याला शेवटी तेच करतो. लक्षात घ्या, हवेत नाही, गाभ्यात. हवा ६० ला गेली तरी जाड फळीचा गाभा तिथे पोचायला कित्येक तास लागतात. आबांनी सांगितलेला फळीतला सेन्सर इथे पुन्हा कामाला येतो, सगळ्यात जाड फळीत घाला. त्या रात्रीपुरता ६५ चा कटआउट सांभाळूनच चालवा, आणि शेजारी बसून राहा.

मांगरवाला, कुडाळ
१९ ऑगस्ट, रात्री ९.१०

उशिरा लिहितोय, कारण पूर्ण एक फेरी झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

१४ जुलैला नवी चवड लावली. पडदा केला, पंखे पडद्यात बसवले. सहा सेन्सर: दोन शिरणाऱ्या हवेत, वर आणि खाली. दोन बाहेर पडणाऱ्या हवेत, तसेच. एक वातीचा, एक फळीत. बर्फाच्या पाण्यात ताडून बघताना एकाने १.४ दाखवलं, तो परत केला. कॉन्टॅक्टर, ६५ चा कटआउट आणि झडपेचा स्विच, तिन्ही लावलं. दुसऱ्याच आठवड्यात रात्री दोन वाजता एक पंखा अडकला. हीटर आपोआप बंद झाला होता, मला सकाळी कळलं. देवगडच्या दादांना मनापासून नमस्कार.

पहिल्या दिवसाचे आकडे वहीतून देतो. शिरणारी हवा ४०.१, बाहेर पडणारी ३७.८, ओला ३७.०, फळीचं पोट ३७.४. आबा, तुम्ही म्हणालात तसंच, फळी ओल्या काट्याला चिकटून होती. वरच्या आणि खालच्या सेन्सरमध्ये आता अर्ध्या अंशाचाही फरक नाही. पूर्वी बारा अंश होता. बारा दिवस तिथेच थांबलो. झडपा इतक्या कमी उघड्या की आत गेलं तर चष्म्यावर वाफ. तेराव्या दिवशी फळीचा आकडा ३८ च्या वर सरकला, मग पुढची पायरी घेतली. मधे दोनदा ओला काटा एकाएकी सुक्याजवळ आला. धावत गेलो, तर एकदा वात कडक झाली होती आणि एकदा बरणी कोरडी पडली होती. आता बरणी दोन लिटरची ठेवलीय.

खर्चाचं सांगतो, कोणाला उपयोग होईल. फणसाचं कोरडं वजन घनफुटाला १५ किलो धरलं तर ४० घनफुटांत ६०० किलो. ५० टक्क्यांवरून १५ वर यायला २१० लिटर पाणी काढायचं. २ किलोवॅटचा हीटर सगळी उष्णता पाण्यावरच खर्च करेल तरी तासाला तीन लिटरच्या वर काढू शकत नाही. प्रत्यक्षात सुरुवातीला हीटर दिवसाला जेमतेम पाच-सहा तास चालायचा, कारण फळीच्या पोटातून पाणीच सावकाश येतं. मोठा हीटर घ्यायचा माझा विचार होता, तो सोडला. ३१ दिवसांत साधारण ४२० युनिटं गेली.

मीटरवर भरवसा ठेवला नाही, गरम फळीवर तो जास्त आकडा दाखवतो. मधल्या फळीच्या टोकापासून दीड फूट आतला काप काढला, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला: १३२ ग्रॅम. घरच्या केकच्या ओव्हनमध्ये १०३ अंशांवर ठेवला, वजन घटायचं थांबेपर्यंत. ११८ वर थांबलं. गेलेलं पाणी १४ ग्रॅम, भागिले ११८, म्हणजे ११.९ टक्के. चवडीच्या चार कोपऱ्यांतल्या कापांत १०.८ ते १२.६. चिरा चाळीसपैकी दोन फळ्यांना, त्याही गाठीशेजारी.

शेवटच्या दिवशी ओली गोणपाटं चवडीभोवती टांगून झरोके बंद केले आणि ४८ अंशांवर बारा तास ठेवलं, पापुद्र्यातला ताण सुटावा म्हणून. मग ताण गेला का ते बघायला कापाला मधून करवत घालून चिमट्यासारखे दोन दात केले. दात किंचित आत वळले, पोस्टकार्डाच्या जाडीइतके.

आबा, चिपळूण
२० ऑगस्ट, सकाळी ६.१५

आकडे वाचून बरं वाटलं. चिमटा कापल्या कापल्या बघून ठरवू नको, दातांची आतली बाजू अजून ओली असते. एक रात्र घरात ठेव आणि मग बघ. दात आणखी आत वळले तर गोणपाटं परत एक दिवस टांग. तोवर फळ्या रंध्याला लावू नको.

मांगरवाला, कुडाळ
२१ ऑगस्ट, सकाळी ७.००

आबा, चिमटा रात्रभर देवघरात ठेवला होता. सकाळी दात एकमेकांना टेकले होते. गोणपाटं भिजत घातलीत, झरोके बंद करून आत्ताच आलो. ओला काटा ४३ वर आहे, अजून चढतोय.